लहान घरात कुत्र्याने झोपावे कुठे?

कुत्र्याने रात्री कुठे झोपावे, हा प्रश्न आमोण्यातल्या आधीच्या पिढीला कधी पडला नाही. घर चिऱ्यांचे, वर कौले, पुढे आंगण, मग ओसरी, मागच्या बाजूला न्हाणी आणि त्यापलीकडे लाकडे व गवत ठेवण्याचा मांगर. उन्हाळ्यात कुत्रा तुळशीजवळच्या सारवलेल्या गार जमिनीवर पसरे, पावसाळ्यात ओसरीवर बाकाखाली शिरे आणि थंडीत न्हाणीच्या चुलीपाशी कोमट राखेत वेटोळे करून पडे. त्याला जागा कोणी नेमून दिलेली नव्हती. घरच इतके ऐसपैस होते की ऋतू पाहून तो आपली सोय आपणच करी.

आता तशी घरे थोडी उरली आहेत. वाटण्या झाल्या, ओसरीला ग्रील लागून तिची खोली झाली, न्हाणीच्या जागी लाद्यांचे बाथरूम आले आणि चूल जाऊन गीझर लागला. आपल्यातली कितीतरी कुटुंबे साखळी, डिचोली, पर्वरी, म्हापसा येथे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात. घर लहान झाले, पण कुत्रा पाळण्याची हौस तशीच राहिली. त्यामुळे पूर्वी आपोआप सुटणारा प्रश्न आता माणसाने विचार करून सोडवावा लागतो.

तो सोडवला नाही तर काय होते, हे आपण आजूबाजूला पाहतोच. कुत्रा फाटकाशी साखळीने बांधलेला राहतो, किंवा रात्री मोकळा सोडला जातो, किंवा घरात येण्याजाण्याच्या वाटेवर पडून सगळ्यांची बोलणी खातो. पहिल्या पावसात ओल्या अंगाचा वास येऊ लागतो आणि घरात कुरबूर सुरू होते. अखेर एखाद्या दिवशी तो कुत्रा बाजाराच्या आसपास सोडून दिला जातो. बाजारात फिरणाऱ्या कुत्र्यांपैकी काहींच्या गळ्यात जुना पट्टा दिसतो, त्यावरून ते कधीतरी कोणाच्या घरचे होते हे कळते.

बँकेत कर्ज मंजूर करण्याआधी ते फिटणार कसे, हे पाहण्याची आम्हाला सवय होती. पिल्लू आणण्याआधीही तसाच एक प्रश्न विचारावा, असे आम्हाला वाटते: हा रात्री झोपणार कुठे? उत्तराला जागा फार लागत नाही, पण ते उत्तर ठरलेले असावे लागते.

कुत्र्याची झोप

मोठा कुत्रा दिवसरात्र मिळून साधारण बारा तास किंवा त्याहून अधिक झोपतो. लहान पिल्लू अठरा तास आणि त्याहूनही जास्त झोपते. ही झोप सलग नसते. थोडी डुलकी, मध्येच कान टवकारणे, उठून जागा बदलणे, पुन्हा डुलकी, असा तिचा क्रम असतो. विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत आपल्याकडे श्वाननिद्रा सांगितली आहे ती यामुळेच. झोप लागली तरी चटकन जाग यावी, असा त्या शब्दाचा अर्थ.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की ज्या जागी रात्रभर कोणी ना कोणी ओलांडून जाते, दाराची फळी अंगावर आपटते किंवा रस्त्यावरचे दिवे डोळ्यांवर येतात, तिथे कुत्र्याला पुरेशी झोप मिळत नाही. झोप न झालेला कुत्रा दिवसा चिडचिडा होतो आणि लहान मुलाने शेपूट ओढली तर गुरगुरतो. दुसरी गोष्ट ही की कुत्रा कळपात राहणारा प्राणी आहे आणि आपली माणसे हाच त्याचा कळप. माणसे दिसतील, निदान त्यांचा आवाज आणि वास येईल, अशा ठिकाणी तो स्वस्थ झोपतो. दत्ताच्या तसबिरीत चारी कुत्री पायांशी असतात. घरातला कुत्राही झोपायला बहुधा तशीच जागा शोधतो.

जागेचा हिशेब

कुत्रा कुशीवर पाय पसरून झोपलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घ्यावे आणि त्यात एक वीत मिळवावी. ही झाली अंथरुणाची लांबी. पाठीपासून पसरलेल्या पंजापर्यंतचे माप ही रुंदी. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या गावठी कुत्र्याला तीन फूट लांब व दोन फूट रुंद जागा साधारण पुरते, म्हणजे सहा चौरस फूट. एका माणसाच्या सहा बाय तीनच्या खाटेला अठरा चौरस फूट लागतात. कुत्र्याला त्याचा तिसरा हिस्सा पुरतो. चारशे चौरस फुटांच्या घरात हा वाटा दीड टक्का होतो. जागा नाही म्हणून कुत्रा बाहेर, असे म्हणण्याआधी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. लॅब्रडॉर किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीला अर्थात अधिक जागा लागते, म्हणून जात निवडतानाही मोजपट्टी हाताशी असावी.

जागा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. ती कोरडी असावी. येण्याजाण्याच्या वाटेत नसावी. तिथे वारा खेळावा, पण पावसाची झड येऊ नये. आणि तिथून घरातली माणसे दिसावीत. या चार कसोट्या लावून घरातली एकेक जागा तपासू.

हॉलचा कोपरा: बहुतेक घरांत हीच जागा उत्तम. दाराच्या समोरचा कोपरा टाळून बाजूचा घ्यावा, म्हणजे बेल वाजली की कुत्रा थेट दारावर झेप घेत नाही. दिवसा अंथरूण गुंडाळून ठेवता येते, पण रात्री ते त्याच ठिकाणी पडावे.

जिन्याखाली: दुमजली घरात जिन्याखालची रिकामी जागा कुत्र्याला फार आवडते, कारण वर छप्पर आणि तीन बाजूंनी आडोसा मिळतो. तिथे चपला, जुने डबे आणि मुख्य म्हणजे उंदरांचे विष असता कामा नये. कुत्रा घरात आला की विष टाकणे बंद करावे आणि उंदरांसाठी पिंजरा वापरावा.

स्वयंपाकघर: दुसरी सोय नसेल तर चालेल. रात्री सिलिंडर बंद करावा, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण असावे आणि अंथरूण शेगडी व फ्रीज यांपासून दूर असावे.

बाल्कनी: फ्लॅटमधली माणसे सर्वप्रथम हीच जागा सुचवतात, पण ती चारही कसोट्यांना क्वचितच उतरते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वाऱ्याबरोबर येणारी झड बाल्कनीत आतपर्यंत पोहोचते. उन्हाळ्यात तापलेली लादी रात्री उशिरापर्यंत गरम राहते. शिवाय खालून जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्यावर आपला कुत्रा भुंकतो आणि सकाळी शेजारी तोंड फिरवतात. बाल्कनी दिवसा ऊन खाण्यासाठी ठेवावी.

पार्किंग: इमारतीखाली गाडीच्या सावलीत झोपणारा कुत्रा सकाळच्या घाईत गाडी मागे घेताना दिसत नाही. ही जागा पूर्ण टाळावी.

झोपण्याची खोली: यावर घराघरांत दोन पक्ष असतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ४० निरोगी प्रौढांच्या झोपेची पाहणी करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुत्रा त्याच खोलीत असला तरी माणसांची झोप चांगली राहिली. तो पलंगावर असला तर मात्र झोपेत थोडी घट दिसली. म्हणजे खोलीत घ्यायला हरकत नाही, पण त्याचे अंथरूण खाली वेगळे असावे. घरात दमा किंवा ॲलर्जी असलेले कोणी असेल, अगदी तान्हे बाळ असेल, तर खोलीबाहेरच दाराशी जागा द्यावी.

रात्री बाहेर सोडणे

गावातल्या घरांत एक समजूत पक्की आहे: कुत्रा राखणीला आणलेला, तो रात्री बाहेरच हवा. पण राखण भुंकण्याने होते आणि ओसरीवर किंवा दाराच्या आत झोपलेला कुत्राही चाहूल लागताच भुंकतो. त्यासाठी त्याने रात्रभर उघड्यावर राहण्याची गरज नाही.

उघड्यावरचा धोका मात्र मोठा आहे. डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत रानाला लागून वस्ती आहे आणि बिबट्या वस्तीत येतो तो बरेचदा कुत्र्यासाठी. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तिथे ऊसशेती आहे, आपल्याकडे कुळागरे आणि रान, पण बिबट्याची सवय तीच. आंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तर पळून जाण्याचीही सोय नसते. तसा कुत्रा बिबट्याला घरापर्यंत आणतो, हे लहान मुले असलेल्या घरांनी विशेष ध्यानात घ्यावे.

सापांचेही तसेच. मण्यार रात्रीच हिंडते, आणि नाग, घोणस, फुरसे आपल्याला नवीन नाहीत. कुत्र्याचे उरलेले खाणे रात्रभर बाहेर राहिले की उंदीर येतात आणि उंदरांमागून साप येतात. म्हणून खाण्याचे भांडे रात्री उचलून धुऊन ठेवावे, पाण्याचे मात्र ठेवावे. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्याला आणि माणसालाही होतो. उंदीर दूर ठेवण्याचे ते आणखी एक कारण.

कायद्याचेही याबाबत म्हणणे आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याच्या ११व्या कलमाप्रमाणे प्राण्याला पुरेसा निवारा न देणे, हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये असा त्या काळचाच राहिला आहे. दंड किरकोळ असला तरी निवारा देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, हे कायद्याने स्पष्ट केले आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक माहिती. सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालच्या परिपत्रकात सांगितले आहे. तरी शेजाऱ्यांची झोप मोडू नये ही जबाबदारी आपलीच. ती पाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे कुत्र्याला आत, आपल्याजवळ झोपवणे.

अंथरूण कशाचे

बाजारात कुत्र्यांसाठी गुबगुबीत गाद्या मिळतात. आमच्या दमट हवेत त्या जाड गाद्यांना आतून बुरशी धरते आणि त्या लवकर वाळत नाहीत. त्यापेक्षा जुनी वाकळ, धुतलेले गोणपाट किंवा जुन्या चादरीच्या दोन-तीन घड्या बऱ्या. रोज झटकता येतात आणि आठवड्याला धुता येतात. दोन जोड ठेवावेत, एक अंथरलेला आणि एक वाळत.

उन्हाळ्यात कुत्रा अंथरूण सोडून गार लादीवर पडतो, त्याला तसे पडू द्यावे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, म्हणून गार जमिनीचा त्याला आधार असतो. पावसाळ्यात उलट. लादीला ओल सुटते, म्हणून खाली लाकडी पाट, फळी किंवा चार बोटे उंच नायलॉन पट्ट्यांची खाट द्यावी. जड अंगाचा कुत्रा कायम कठीण जमिनीवर झोपला तर त्याच्या कोपरांना घट्टे पडतात आणि कधी तिथे पाणी भरून सूज येते. त्याला जाड घडी हवी.

फिरून आल्यावर पाय आणि पोट कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय त्याला अंथरुणावर जाऊ देऊ नये. ओल्या अंगाने झोपलेल्या कुत्र्याला बुरशीचे रोग लवकर होतात. अंथरुणाखाली डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, त्या कुत्र्याला विषारी असतात.

गोचीड आणि लस

कुत्रा घरात झोपणार म्हणजे त्याची तब्येत हा घरातल्या सर्वांचा विषय झाला. आपल्याकडची तपकिरी गोचीड घराच्या आत राहूनही आपले सारे जीवनचक्र पुरे करू शकते. मादी रक्त पिऊन कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. नुसते अंगावरचे गोचीड वेचून भागत नाही ते यामुळे. अंथरूण भिंतीपासून हातभर दूर ठेवावे, चिऱ्यांमधल्या भेगा बुजवाव्यात, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घालावेत. औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने लावावे. घरात मांजर असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे, कारण कुत्र्यासाठीची काही औषधे मांजराच्या जिवावर बेततात. जंतांचे औषधही वेळच्या वेळी द्यावे.

रेबीजची लस पिल्लाला तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे नियमित द्यायची. गोवा सरकार आणि मिशन रेबीज यांनी गावोगाव कुत्र्यांना लसी दिल्या, त्यामुळे २०१८ आणि २०१९ या वर्षांत राज्यात रेबीजने माणसाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. हे टिकवायचे तर लसीकरणात खंड पडता कामा नये.

चवथ आणि नरकासुराची रात्र

आपल्या घरांत वर्षातून दोनदा कुत्र्याची जागा हमखास जाते. चवथीला हॉलमध्ये गणपती बसतो, माटोळी बांधली जाते, मुंबई-पुण्याची मंडळी येऊन सगळीभर अंथरुणे पडतात. ऐनवेळी कुत्र्याला मागीलदारी हाकलले तर तो रात्रभर रडतो. त्यापेक्षा आठ दिवस आधी त्याचे अंथरूण दुसऱ्या ठरलेल्या कोपऱ्यात हलवावे. अंथरूण तेच असावे, न धुता न्यावे, कारण नव्या जागेत स्वतःचा वास मिळाला की तो लवकर रुळतो.

दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर निघतात, पहाटेपर्यंत मोठ्या आवाजात गाणी वाजतात आणि फटाके उडतात. त्या रात्री घाबरून पळालेले कुत्रे दूरच्या वाड्यावर सापडतात, काही सापडतही नाहीत. त्या रात्री कुत्रा आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, पंखा लावून, घरातल्या एखाद्या माणसाच्या सोबतीने असावा. त्याला संध्याकाळी लवकर फिरवून आणावे, म्हणजे रात्री दार उघडायची वेळ येत नाही.

पिल्लू आणि म्हातारा कुत्रा

आईपासून नुकतेच तोडलेले पिल्लू पहिल्या काही रात्री रडणारच. त्याला लांब बंद करून ठेवू नये. त्याची पेटी आपल्या खाटेशेजारी ठेवावी, हात खाली सोडला की त्याला लागेल इतकी जवळ. मग रोज थोडी थोडी सरकवत ठरलेल्या कोपऱ्यात न्यावी. तीन-चार महिन्यांपर्यंत पिल्लाला रात्रभर लघवी धरवत नाही, म्हणून मध्यरात्री एकदा त्याला बाहेर काढण्याची पाळी घरात वाटून घ्यावी. दोन कुत्रे असतील तर अंथरुणेही दोन हवीत. त्यांनी एकत्र झोपायचे ठरवले तर ती त्यांची मर्जी.

म्हातारपणी प्रश्न पुन्हा बदलतो. सांधे धरतात, गुळगुळीत लादीवर पाय घसरतात, जिना चढवत नाही, दिसणे कमी होते. अशा वेळी अंथरूण जाड करावे, तिथून दारापर्यंत चटईची पट्टी टाकावी आणि सामान हलवू नये, म्हणजे अंदाजाने त्याला वाट सापडते. कधी अंथरूण ओले झाले तर रागावू नये. खाली रबरी कापड घालावे. कुत्रे घराबाहेर काढले जातात ते बरेचदा याच वयात, आणि दहा-बारा वर्षे ज्याने आपले दार राखले त्याला आडोशाची खरी गरजही याच वयात असते.

पिल्लू आणायचे मनात आले की त्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. तीन बाय दोन फुटांचे गोणपाट कापून ठरवलेल्या कोपऱ्यात पसरावे आणि आठ दिवस तसेच ठेवावे. त्यावरून येता-जाता अडखळायला होते का, पावसाची झड तिथे येते का, घरातल्या कोणाची तक्रार आहे का, हे पाहावे. आठ दिवसांनंतरही गोणपाट तिथेच असेल तर पिल्लू आणायला हरकत नाही. रोज कोणी ना कोणी ते उचलून ठेवत असेल, तर घर अजून तयार नाही असे समजावे आणि थोडे थांबावे.